करिता

शिक्का अजून माझ्याच खिशात आहे.
‘मगदूम-सुतार कास्टिंग करिता’,
खाली एक मोकळी रेघ,
रेघेखाली बारीक अक्षरात ‘भागीदार’.
एकोणीस वर्षं त्या रेघेवर सही करत आलो
आणि वाटायचं, सही माझी असली
तरी हात तिचा आहे,
त्या फर्मचा,
जिला ना आई ना बाप,
उद्यमनगरात एक शेड, एक मीटर, एक पॅन नंबर.

परवा मीटर काढून नेला.
भट्टी वजनावर गेली.
मोल्डिंग बॉक्स शिरोलीच्या एका पोरानं नेले,
भाव न करता, म्हणून जास्तच लागलं.
लाकडी पॅटर्न कुणी घेईना.
कुठल्या पंपाचं कवच, कुठल्या मळणीयंत्राची पुली,
सागवानी, माझ्या हातचे.
शेवटी कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं जळणाला नेले.
चार दिवस त्याच्या चहाला सागाचा वास होता,
का मलाच आला, कोण जाणे.

सरनोबत वकीलबाई बावड्याच्या कोर्टाबाहेर
गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून वाचतात:
संयुक्तपणे आणि पृथकपणे.
म्हणजे काय हो?
म्हणजे पायगोंडा मगदूम बेंगळुरूला लेकीकडं गेले,
फोन उचलत नाहीत,
तर त्यांचा वाटाही तुमच्याच दारात येऊन उभा राहणार.
अन् फर्म?
फर्म म्हणजे तुम्हीच की.
कंपनी केली असती तर मध्ये एक भिंत असती.

सीए म्हणाला होता तेव्हा.
पायगोंडा म्हणाला,
आपल्या दोघांत भिंत कशाला रं?

घरी येऊन यादी केली.
बँक: फुलेवाडीचं घर.
शाहूपुरीचा कोकवाला: हिच्या पाटल्या,
तिनं न विचारताच काढून डब्यात ठेवलेल्या.
जीएसटी: त्याला दया नाही,
पण निदान तारीख ठरलेली असते.
आणि तळाला, दुसऱ्या पेनानं,
इलाही मुल्लाणी, मोल्डर, तीन महिने, अठ्ठेचाळीस हजार.

हे खोडा, बाई म्हणाल्या.
हजेरी नाही, पावती नाही, मुदतही संपली.
फक्त लिहून काही देऊ नका.
लिहून दिलंत की मेलेलं देणं पुन्हा उठून बसतं.

मेलेलं देणं.
इलाही तर जिवंत आहे,
नागाळा पार्कात एका अपार्टमेंटवर रात्रपाळीला.
मला बघून खुर्चीतून उठला.
“या मालक.”
खुर्ची एकच होती, ती त्यानं माझ्याकडं सरकवली.
बराच वेळ आम्ही दोघंही उभेच.

पॅटर्न करणाऱ्याची पट्टी वेगळी असते.
तिच्यावरचा फूट तुमच्या फुटापेक्षा
एक सूत मोठा.
बीड थंड होताना आकसतं,
ते आधीच धरून लाकूड कापायचं,
नाहीतर माल लहान भरतो
आणि गिऱ्हाईक तोंडावर परत फेकतं.

गेटवरच्या वहीतलं कोरं पान मागून घेतलं.
मी, विश्वंभर सुतार,
इलाही मुल्लाणी यांना अठ्ठेचाळीस हजार
इथं थांबलो.
मनात हिशोब केला.
पाचशे, असं पुढं लिहिलं.
“पाचशे कसले?”
“फुटाला एक सूत.”
मोल्डर माणूस तो. हसला,
मग हसायचं थांबून कागदाकडं बघत राहिला.

सवयीनं शिक्का बाहेर काढला.
पॅड कधीचं वाळलेलं.
परत खिशात टाकला
आणि रेघ न आखताच सही केली,
जराशी तिरकी गेली.

पैसे कुठून आणायचे
ते फुलेवाडीपर्यंत सुचेल म्हणून
रिक्षा सोडून दिली.